चादरीची गाठ आणि यंत्राचा हात

१/ गारखेड्यात १९८९ साली डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झाले, तेव्हा शस्त्रक्रियेतील रोबो जगातच अवघ्या काही वर्षांचा होता. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘प्युमा’ या कारखान्यासाठी घडवलेल्या यांत्रिक हाताने मेंदूच्या बायोप्सीची सुई नेमक्या दिशेने धरली होती.

२/ पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा घेर, हा त्याहून निराळा प्रांत. आत मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्राशय, पायांकडे जाणाऱ्या नसा. अपघातात हा घेर तुटला, की पहिला धोका आतल्या रक्तस्रावाचा.

३/ १९६४ : फ्रान्समधील ज्युडे बंधू व एमिल लेतूर्नेल यांनी खुब्याच्या खोबणीच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण आणि शस्त्रक्रियेचे मार्ग मांडले. वजन लावून आठवडेच्या आठवडे निजून राहण्याला पर्याय मिळाला.

४/ १९९२ : कॅलिफोर्नियात ‘रोबोडॉक’ने कृत्रिम खुब्यासाठी मांडीच्या हाडात पोकळी कोरली. पेल्व्हिसच्या शस्त्रक्रियेत रोबो कोरत नाही, वाट दाखवतो. त्रिमितीय चित्रावर सर्जन स्क्रूचा मार्ग आखतो. यांत्रिक हात त्या मार्गावर नळी स्थिर धरतो. स्क्रू सर्जनच बसवतो. नसांजवळ काही मिलिमीटरची चूकही पायातले बळ हिरावू शकते.

५/ मात्र रोबोची पाळी येते ती रुग्ण जगला तरच. खुब्यांच्या पातळीवर घट्ट बांधलेला पट्टा, तो नसल्यास साधी चादर, तुटलेला घेर आवळून रक्तस्राव रोखण्यास मदत करते. मराठवाड्यातील दूरच्या रस्त्यावर पडलेल्या जखमीसाठी या इतिहासाचा आरंभ आजही त्या गाठीपासूनच होतो.