विमानाची भावकी घाटमाथ्यावर

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या सड्यावर आलं, की पवनचक्क्या सुरू होतात आणि वनकुसवड्यापर्यंत साथ सोडत नाहीत. खाली कोयनेचा शिवसागर, वर सुमारे ११५० मीटर उंचीचं जांभ्याचं पठार आणि पश्चिमेकडून अंगावर येणारा वारा. जवळच्या सडावाघापूरला पावसाळ्यात हाच वारा कड्यावरून पडणारं पाणी पुन्हा वर उधळून देतो. अशा ठिकाणी चक्क्या उभ्या राहिल्या यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्या पात्यांचं. या पात्याचं मूळ शोधत गेलं, की माणूस थेट विमानाच्या कारखान्यात पोचतो.

वारा पात्याला ढकलतो म्हणून चक्की फिरते, असा आपला सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात ते पातं उडत असतं. पातं मधोमध आडवं कापून पाहिलं तर पुढची कड गोलसर, मागची धारेसारखी बारीक आणि एक बाजू फुगीर दिसेल. हुबेहूब विमानाच्या पंखाचा छेद. फुगीर बाजूवर हवेचा दाब कमी पडतो आणि पातं तिकडे ओढलं जातं. विमानात हीच ओढ शेकडो माणसांना वर उचलते, इथे ती आस फिरवते. अमेरिकेतल्या ‘नाका’ या सरकारी संस्थेने १९३३ मध्ये पंखांच्या छेदांची मालिका मोजमापांसह प्रसिद्ध केली होती. ती होती विमानांसाठी, पण त्यातलेच काही छेद पुढे डेन्मार्कच्या चक्क्यांनी उचलले.

आकार मिळाला तरी ते बनवायचं कशाचं, हा प्रश्न उरलाच. लांबी वाढली की पातं जास्त वारा कवेत घेतं. लांबी दुप्पट केली तर वीज चौपट. पण वजन त्याहूनही झपाट्याने वाढतं, आणि हे वजन वर्षानुवर्षं, दिवसरात्र गरगरा फिरायचं असतं. लाकूड झालं, पोलाद झालं, अॅल्युमिनियम झालं. १९५७ साली योहानेस यूल यांनी डेन्मार्कमध्ये गेडसरला २०० किलोवॉटची चक्की उभी केली, तिची पाती तारांचे ताण देऊन सावरलेली होती. खरी वाट त्याच वर्षी जर्मनीत सापडली. उलरिख ह्युटर हे मूळचे ग्लायडर रचणारे अभियंते. त्यांनी श्टोटन इथे ३४ मीटर व्यासाची, दोन पात्यांची चक्की उभारली आणि पाती केली काचतंतूंची, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या फायबरची. पातं मुळाशी तुटू नये म्हणून काचेचे धागे बोल्टांभोवती फिरवून पुन्हा पात्यात नेले. तंतू कुठेही न कापता सगळा ताण बोल्टांवर उतरवण्याची ही युक्ती मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. काचतंतूंचं पहिलं ग्लायडर ‘फिनिक्स’ हेही १९५७ मध्येच, श्टुटगार्टच्या मंडळींनी उडवलं. पातं आणि पंख अशी एकाच साली, एकाच परिसरात जन्मलेली भावंडं आहेत.

पुढे १९७८ मध्ये डेन्मार्कच्या ट्विंड इथल्या शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी ह्युटर यांच्याच पद्धतीने मोठी पाती हाताने घडवून प्रचंड चक्की उभी केली. तिथून ती विद्या छोट्या कारागिरांकडे गेली. आज जगभर पाती पुरवणारी एलएम ही कंपनी मुळात फर्निचर करणारी होती.

कारखान्यातली आजची रीत अशी आहे. पात्याच्या दोन अर्ध्या कवचांचे दोन लांबलचक साचे असतात. साच्यात काचेचं कापड थरावर थर अंथरायचं, मध्ये हलक्या बाल्सा लाकडाच्या फळ्या बसवायच्या, वर प्लास्टिकचा कागद घट्ट लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि त्या पोकळीत राळ सोडायची. राळ पसरताना पांढरं कापड ओलं होत हळूहळू गडद होत जातं. कुठे पांढरा डाग राहिला तर तिथे राळ पोचलेली नाही, म्हणजे उद्या तडा तिथूनच जाणार. मग आतला कणा बसवून दोन्ही कवचं चिकटवायची. शेवटी जाणता माणूस पृष्ठभागावर टकटक करत फिरतो. आवाज बद्द आला की आत पोकळी आहे. प्रवासी विमानांनी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला तो फार नंतर. बोइंग ७८७ चं निम्मं वजन कार्बन तंतूंच्या अशाच संमिश्र साहित्याचं आहे.

पाती कारखान्यातून सुटी जात नाहीत. तिन्हींचं वजन आणि तोल जुळवून संच बांधतात. त्यामुळे वाटेत एकाला मार लागला, की उरलेली दोन धडधाकट असूनही खोळंबतात, आणि वर क्रेनचं भाडं चालूच राहतं.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात घसाऱ्याच्या करसवलतीने कंपन्या या धंद्याकडे वळल्या. पुण्याच्या सुझलॉनने जर्मनीच्या सुडविंडकडून तंत्र घेतलं आणि ३३ मीटर व्यासाची, ३५० किलोवॉटची चक्की इथे रुळवली. तिचं पातं सोळा मीटरांच्या आसपास. आता गंमत बघा, की एवढं पातं घाटाच्या वळणांतून कसंबसं निघतं. त्याच कंपनीच्या पुढच्या २.१ मेगावॉटच्या चक्कीचा व्यास ८८ मीटर, म्हणजे पातं चाळीस मीटरांच्या वर. ते ठोसेघरच्या रस्त्याने चढवायचं म्हणजे वेगळंच प्रकरण. माझ्या मते डोंगरावरच्या चक्कीची उंची वाऱ्यापेक्षा घाटाच्या वळणानेच जास्त ठरवली.

विमानवाल्यांनाही हे चुकलेलं नाही. एअरबसच्या ए-३८० चे पंख वेल्समधल्या ब्रॉटनला बनत. तिथून बार्जने डी नदीतून मॉस्टिन बंदरात, जहाजाने फ्रान्सला, पुन्हा बार्जवर. बोर्डोचा जुना दगडी पूल भरती-ओहोटी साधून पार करायचा, आणि शेवटी लांगोनपासून तुलूजपर्यंत सुमारे २४० किलोमीटर रस्ता, तोही रात्री वाहतूक बंद ठेवून. लहान विमानांचे पंख ‘बेलुगा’ या पोटफुग्या मालवाहू विमानातून जातात. सड्यावर विमान उतरवायची सोय नाही. तिथे लांबवता येणारा ट्रेलरच लागतो. पात्याचं मूळ पुढे, टोक मागे हवेत, आणि मागची चाकं वेगळी वळवणारा माणूस वळणावर खाली उतरून चालत असतो. त्याआधी कुणीतरी सबंध रस्ता मोजून गेलेला असतो. कोणत्या वळणाची दरड तासायची, कोणती फांदी उतरवायची, विजेच्या तारा किती वाजता बंद ठेवायच्या. सांगली जिल्ह्यात ढालगाव, जतकडे असा अवघड घाट नाही. तिथे अडतं ते गावातल्या चौकात आणि ओढ्यांवरच्या फरशी पुलांवर.

दुष्काळाच्या वर्षांत या भागात ‘चक्क्यांनी पाऊस पळवला’ असं बोललं गेलं. तसं होत नाही. घाटावर पाऊस आणणारं वारं अख्ख्या सह्याद्रीएवढं रुंद आणि किलोमीटर-दोन किलोमीटर उंच असतं. पण परिणाम झालाच नाही असंही नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले, आणि त्यामुळे सरडे वाढले. यातला गळ्याला निळा-केशरी पंखा असलेला ‘सारडा सुपर्बा’ हा सरडा २०१६ मध्ये याच पठारावरून जगाला नव्याने कळला.

आता पहिल्या पिढीच्या चक्क्या म्हाताऱ्या झाल्यात. त्या उतरवून कमी संख्येने मोठ्या बसवाव्यात, असं केंद्राचं २०२३ चं धोरण आहे. मला ते पटतं. चक्क्या कमी झाल्या तर सड्याला मोकळीक मिळेल. पण पन्नास मीटरांचं पातं वर न्यायला जी वळणं रुंदावतील, त्यात किती जांभा खणला जाईल, हे ट्रेलर निघण्याआधी मोजून चाळकेवाडी-ठोसेघरच्या ग्रामसभांपुढे ठेवायला हवं. सोबत उतरवलेल्या पात्यांचा हिशेबही. काचतंतूंचं पातं वितळवून पुन्हा ओतता येत नाही, जमिनीत कुजतही नाही. तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालणं हा सध्याचा एक मार्ग आहे, आणि तुकडे सड्यावरच करायचे की अखंड पाती घाट उतरवून खाली करायचे, हे पहिली क्रेन चढण्याआधीच ठरायला पाहिजे.