सोंगाड्याची उमेदवारी

गिरणीत नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी साचा मिळत नसे. गावच्या किंवा नात्यातल्या कामगाराशेजारी उभे राहून तो काम डोळ्यांनी शिके. पुढे बदली म्हणून दारात ताटकळे. तमाशाच्या फडातला सोंगाड्याही असाच तयार होई. म्हणूनच शाळा-कॉलेजचा आधार नसलेल्या आम्हांला या विषयावर बोलण्याचे धाडस होत आहे.

विदूषकाचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. अंगाने, वाणीने आणि वेषाने असे हास्याचे तीन प्रकार नाट्यशास्त्रात सांगितले आहेत. पण संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र, जातीने ब्राह्मण. तमाशातला सोंगाड्या राजाचा नोकर असतो, आणि त्याचे सोंग घेणारे कलावंत पुष्कळदा महार-मांग समाजातून आलेले. एकाची थट्टा पंक्तीला बसून केलेली, दुसऱ्याची दाराबाहेरून. हा फरक पंडितांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

फडात आलेला पोरगा आधी सामान वाही. मग मागे उभा राहून झील धरी. रात्रीमागून रात्री वग कानावर पडून सगळ्यांची भाषणे त्याला पाठ होत. पुढे गौळणीत पेंद्याचे सोंग मिळे. मावशी मात्र अनुभवी नटाची, कारण पुरुषाने लुगड्यात उभे राहून हशा घ्यायचा आणि तोल सोडायचा नाही, हे सोपे नव्हे. वगातला नोकर किंवा हवालदार त्याच्याही नंतर. ‘गाढवाचं लग्न’ मधला सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी गाजविला तो या परंपरेच्या जोरावर.

या विद्येचे मर्म बतावणीत आहे. राजा विचारतो, “राज्यात काय चाललंय?” सोंगाड्या म्हणतो, “चालत कुणीच नाही महाराज, समदे बसल्यात.” शब्द राजाचाच, सोंगाड्या तो फक्त सरळ अर्थाने घेतो. त्यासाठी आधी ऐकावे लागते. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार होऊन येत. तिथेही एकाचे बोलणे जितके महत्त्वाचे, तितकेच दुसऱ्याचे ऐकणे.

हे आम्ही फजितीतून शिकलो. १९९० नंतरच्या दशकात, गिरण्या एकामागून एक बंद पडत असताना, एका दरवाजासभेत आम्ही छोटा वग बसविला आणि सोंगाड्या स्वतःच झालो. वरचेच वाक्य टाकले. समोर दोनशे माणसे, आणि एकही हसले नाही! सभा संपल्यावर साचेखात्यातले एक वृद्ध कामगार जवळ आले. तरुणपणी जत्रेत त्यांनी सोंगाड्या केला होता. म्हणाले, “भाऊ, तुम्ही पब्लिककडं बघत होता. राजाकडं बघा की. तुम्हाला त्याचा पगार पाहिजे, यांच्या टाळ्या नकोत.” पुढच्या सभेत आम्ही राजाकडे पाहिले. हशा आला, पोटभर नव्हे, पण आला. पुढारी म्हणून वीस मिनिटे बोलून जे पोहोचत नव्हते, ते त्या एका वाक्याने पोहोचले.

अशा विद्येला सर्वांत मोठा धक्का कागदाने दिला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता होती हे आम्ही नाकारत नाही. पुढे बंदी उठली, पण संहिता लिहून तपासून घेण्याची अट आली. आता ज्याचे निम्मे बोलणे समोरच्या माणसाच्या तोंडून ऐनवेळी उचललेले असते, त्याने ते आधी लिहून कसे द्यावे? मंजूर कागदात राजा शिल्लक राहतो, सोंगाड्याच गळतो.

तरी तो पुरता गळला नाही. गिरणगावालगतच्या नायगावात १९३२ साली जन्मलेले दादा कोंडके सेवादलाच्या कलापथकातून आले. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले. त्यातला हवालदार दादांचा. संहिता लिहिलेली होती, तरी प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर टोले बसत. लोक तेच नाटक पुन्हा पाहायला जात, ते आज हवालदार काय बोलतो हे ऐकायला.

साचेखात्यातले ते वृद्ध गृहस्थ हिशेब मिळाल्यावर गावी गेले. जाताना आम्ही त्यांना विचारले होते, ही विद्या कुणाला शिकविली का? ते म्हणाले, “शिकवायची कुणाला? मागं उभं राहायला कोण तयार हाय?”