४ ऑक्टोबर : वरळीत उतरले ‘किंग्ज’

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा (एनबीए) भारतातील पहिला सामना २०१९ साली आजच्या दिवशी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाला. प्रदर्शनीय का होईना, सामना रंगला जादा वेळेपर्यंत. इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जवर १३२-१३१ अशी मात केली. गॅलरीत होती हजारो शाळकरी मुले. हरलेल्या संघाचे मालक मात्र मुंबईचेच : विवेक रणदिवे.

जुहूत वाढलेले रणदिवे एमआयटीत शिकायला गेले, तेव्हा परकीय चलन मिळवणे हेच दिव्य होते. फीपुरत्या डॉलरसाठी त्यांनी रिझर्व्ह बँकेत खेटे घातले. पुढे शेअर बाजारातील उलाढालींची माहिती क्षणार्धात दलालांच्या पडद्यावर पोहोचवणारे सॉफ्टवेअर त्यांनी उभारले; १९९७ मध्ये ‘टिबको’ स्थापली.

बास्केटबॉलशी गाठ पडली ती मुलीच्या शालेय वयातील संघाचे प्रशिक्षक म्हणून. स्वतः कधी न खेळलेल्या या गृहस्थाला एक कळेना : प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन येईपर्यंत आपण मागे जाऊन वाट का पाहायची? त्यांच्या संघातील मुली चेंडू आत येताच संपूर्ण मैदानभर अडवू लागल्या आणि थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. प्रतिस्पर्धी संघांचे प्रशिक्षक खवळले, हे ओघाने आलेच.

२०१० मध्ये ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक झाले. २०१३ मध्ये किंग्जना सिॲटलला हलवण्याचा बेत असताना त्यांच्या गटाने संघ विकत घेतला नि सॅक्रामेंटोतच ठेवला. बाद फेरीसाठी मात्र चाहत्यांना २०२३ उजाडेपर्यंत थांबावे लागले.