शोधू गेल्यास नाहीसा होणारा दोष

मध्यरात्री बँकेचा डेटाबेस सर्व्हर अकस्मात बंद पडतो. पुन्हा सुरू केला की निमूट चालू लागतो. तंत्रज्ञ पहाटेपर्यंत तपासत बसतो आणि त्याच्या हाती काही लागत नाही. मित्रहो, या अनुभवाला स्वतःचा इतिहास आहे.

१९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा डेटाबेस घडत होता. जिम ग्रे हा त्या चमूतील संशोधक. बंद पडलेल्या यंत्रातील हिशेब वाचवण्याची तेथील रीत आपल्या पेढीवाल्यांना परकी वाटली नसती: आधी रोजकीर्द, मग खतावणी. प्रत्येक बदल प्रथम लॉगमध्ये नोंदवायचा. यंत्र पुन्हा उठले की लॉग वाचून पुरे झालेले व्यवहार कायम करायचे, अर्धवट राहिलेले रद्द करायचे.

यामुळे हिशेब वाचला. पण यंत्र मुळात थांबले का, हा प्रश्न उरलाच. टँडम कॉम्प्युटर्स या कंपनीत गेल्यावर ग्रे यांनी जून १९८५ मध्ये त्यावर अहवाल लिहिला. नीट सांभाळलेली नेहमीची यंत्रणादेखील साधारण दोन आठवड्यांतून एकदा बंद पडे व दीड तास बंद राही. शेकडा ९९.६ वेळ ती चालू असे, हे खरे. मात्र रुग्णालयातील रुग्णाला हा आकडा ऐकवून पाहावा!

टँडमच्या दोन हजारांहून अधिक यंत्रणांच्या सात महिन्यांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. बिघाड म्हटला की आपला संशय यंत्राच्या सुट्या भागांवर जातो. त्यांचा वाटा १८ टक्के निघाला, सॉफ्टवेअरचा २५, आणि यंत्रणा हाताळणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या माणसांचा ४२!

सॉफ्टवेअरमधील दोषांचे त्यांनी दोन प्रकार मानले. ‘बोरबग’ हा नील्स बोर यांच्या अणूप्रमाणे ठाम. तीच कृती केली की तोच बिघाड. ‘हायझेनबग’ मात्र निरीक्षणानेच बिचकणारा. दोन कामे एकाच क्षणी एकाच नोंदीला भिडली तर तो उद्भवतो. पुन्हा चालवताना तो क्षण जुळत नाही. छपाईची रांग सांभाळणाऱ्या एका प्रोग्रामच्या १३२ दोषांपैकी बोरबग किती होते? अवघा एक.

टँडमने या चंचलपणाचाच उपयोग करून घेतला. प्रत्येक महत्त्वाच्या कामाचा एक जोडीदार दुसऱ्या प्रोसेसरवर सज्ज असे. पहिला कोसळला की दुसरा शेवटच्या सुस्थितीपासून काम उचले, आणि वेळेचे गणित बदलल्याने बहुधा तो तरून जाई. कारण न सापडताही सेवा चालू राही. मला यात ग्रे यांचे खरे धाडस दिसते; अभियंत्याचा अभिमान हे सहजी मान्य करीत नाही.

माणसांच्या ४२ टक्क्यांवरचा त्यांचा सल्ला तर आजही अनेकांना रुचत नाही. यंत्राच्या भागांची सुचवलेली दुरुस्ती विनाविलंब करावी. सॉफ्टवेअरची मात्र त्या दोषाने यंत्रणा खरोखर बंद पडत असेल तरच. एरवी पुढील मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबावे.