दळण की छळण?

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या बाईंच्या पुतण्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आणून दिला. आत चार फ्लॉप्या, दोन सीड्या आणि सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षिका. निवृत्तीनंतर त्या अमरावती-अचलपूर पट्ट्यातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. अशा सात वह्या भरल्या. १९९८ साली त्यांनी त्या माझ्याकडे अक्षरजुळणीला दिल्या. तेव्हा मी अमरावतीत डीटीपीचे लहानसे दुकान चालवत होतो. पुस्तक निघाले नाही. आधी प्रकाशक मिळेना, मग तब्येत साथ देईना, आणि २००७ साली बाईच गेल्या.

त्या संग्रहावर मी २०१२ साली एक लेख लिहिला होता. दुकान बंद करून मी तोवर हौसेने संशोधनाकडे वळलो होतो. लेखातला माझा लाडका मुद्दा एका शब्दावर उभा होता. काही ओव्यांत जात्यापुढे बसलेली सासुरवाशीण आपल्या कामाला ‘दळण’ न म्हणता ‘छळण’ म्हणते, एका अक्षराच्या फरकात तिने सगळा सासुरवास सांगून टाकला आहे, असे मी लिहिले. दोन व्याख्यानांतही हे सांगितले आणि टाळ्या घेतल्या. आता तो गठ्ठा सोडला, तर पहिल्या मुद्रितावर बाईंनी लाल शाईने ‘छ’ खोडून शेजारी ‘द’ केलेला. एकदा नव्हे, अकरा ठिकाणी.

तपासलेले ते मुद्रित माझ्याकडे कधी परत आलेच नव्हते. मी लेख लिहिला तो संगणकातल्या फाइलवरून. बाईंच्या वहीत ‘दळण’ होते आणि मीही ‘दळण’च टंकले होते; माझी बोटे एवढी बेइमान नाहीत. मग हा ‘छ’ आला कुठून, हे शोधताना मला मराठी अक्षर संगणकात कसे शिरले त्याच्या मुळापर्यंत जावे लागले.

सुरुवात टंकलेखन यंत्रापासून करावी लागते. मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो ते गोदरेजच्या देवनागरी यंत्रावर. यंत्राला कळा चाळीस-पंचेचाळीस, प्रत्येकीवर दोन आकृत्या. म्हणजे नव्वदच्या आसपास आकृत्यांत सगळी बाराखडी आणि जोडाक्षरे बसवायची. त्यासाठी केलेली युक्ती मोठी हुशारीची होती. भ, थ, ध, ण, श यांची फक्त अर्धी रूपे ठेवायची. पूर्ण अक्षर हवे तर पुढे काना ठोकायचा. ‘भ’ म्हणजे अर्धा भ आणि एक काना, ‘भा’ म्हणजे अर्धा भ आणि दोन काने. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती आधी मारायची. रफार डोक्यावर उजवीकडे येतो, म्हणून तो मागाहून. यंत्राला भाषा कळत नव्हती, फक्त जागा कळत होती. कागदावर उमटले की काम संपले, त्यामुळे यात काही बिघडतही नव्हते.

संगणकाचे तसे नसते. त्याला कागदावरच्या खुणेपेक्षा आतला क्रमांक महत्त्वाचा. इथे आपल्याकडे दोन वाटा फुटल्या. पहिली वाट आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाली. १९८३ साली दिल्लीत झालेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिथल्या मंडळींनी देवनागरीत चालणारा संगणक लोकांपुढे मांडला. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिथे वाढले. संगणकात एक कार्ड बसवायचे, की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटे. या वाटेचे तत्त्व साधे होते: आकृती साठवायची नाही, अक्षर साठवायचे. ‘कि’ लिहायचे तर आधी क, मग वेलांटी, जसे आपण उच्चारतो तसे. वेलांटी डावीकडे काढून दाखवणे हे यंत्राचे काम. १९८६ साली ठरलेला इन्स्क्रिप्ट कळफलक याच विचाराचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा संकेत प्रमाण म्हणून जाहीर केला. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांतल्या ‘क’ला एकच क्रमांक दिलेला.

दुसरी वाट आमच्यासारख्या दुकानदारांची. विंडोज आले, पेजमेकर आले, लेझर प्रिंटर आले. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, सहकारी बँकांचे अहवाल दुसऱ्या दिवशी हवे असत. ही सॉफ्टवेअरे फक्त इंग्रजी जाणत. मग लोकांनी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकृती नेऊन बसवली. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच लिहीत असता. पडद्यावर त्याला मराठी मुखवटा. एका फॉन्टमध्ये घरे जेमतेम दोनशे छप्पन्न, त्यातलीही सगळी वापरता येत नसत, म्हणून पुन्हा तीच टंकलेखन यंत्राची अर्ध्या अक्षरांची आणि कान्याची युक्ती. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या पोटात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच असा असतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, प्रत्येकाची घरवाटणी वेगळी. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की मंत्रतंत्र दिसू लागे.

या दुसऱ्या वाटेला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि तंत्राच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. पण त्या वाटेने गेलेला माणूस म्हणून सांगतो, आम्हाला शोध घेता येणारा मजकूर नको होता, छापता येणारा हवा होता. टायपिंग शिकलेल्या हजारो मुला-मुलींना एका रात्रीत रोजगार मिळाला तो या फॉन्टांमुळेच, कारण बोटांची सवय तीच राहिली. नुकसान नंतर कळले. सुमारे पंधरा वर्षांचे मराठी लेखन, म्हणजे स्मरणिका, गावांचे इतिहास, प्रबंध, दिवाळी अंकसुद्धा, मुखवट्यांच्या रूपात साठवले गेले.

आता माझ्या ‘छ’कडे येतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी लहान एन या घरात ‘द’ आहे आणि मोठ्या एनच्या घरात ‘छ’. मी ज्या प्रोग्रॅममध्ये जुळणी केली तो इंग्रजीसाठी बनवलेला; ओळीचे पहिले अक्षर लहान दिसले की आपणहून मोठे करण्याची त्याला सोय होती, आणि ती बंद करायला मी विसरलो होतो. ‘दळण’ने सुरू होणारी ओळ टंकली, शब्द संपून स्पेस दिली, की प्रोग्रॅमने माझी ‘चूक’ सुधारली. आणि आम्हा टायपिंगवाल्यांना शिकवलेलेच असते की नजर हस्तलिखितावर ठेवा, समोर बघू नका.

‘माय’ची गंमत याहून वाईट. तिथे लहान ईचा मोठा ई झाला, म्हणजे ‘म’चा अर्धा म. पुढचा काना त्या अर्ध्या अक्षराला चिकटला आणि ‘माय’चे ‘मय’ झाले. दिसायला सुबक, शंका येणार नाही असे. एखादी ओवी मायेवरून मद्यावर गेलेली मला २०१२ साली खटकली होती, पण मी तिलाही अर्थ लावला.

दरम्यान जगात तिसरी गोष्ट घडली होती. १९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला एकशे अठ्ठावीस जागा मिळाल्या. मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली. म्हणजे कानपूर-पुण्याची वाट शेवटी जगाची झाली. पण हमरस्ता यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरी नीट दिसू लागली, मंगल या फॉन्टमधून. तो घडवणारे र. कृ. जोशी हे आपले कवी आणि सुलेखनकार. विंडोज एक्सपीत तर एका खिडकीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे, तेव्हा कुठे मराठी जुळून दिसे. नाहीतर वेलांट्या अक्षरांपासून सुट्या पडून भटकत. २००५ च्या सुमारास मराठी मंडळी ब्लॉग लिहू लागली ती या खटपटीनंतर.

युनिकोड आल्याने सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. ‘ॲ’ हे अक्षर त्यात स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. दोन्ही डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र तर पक्का मराठी, हिंदीला त्याची गरज नाही. तो एक तर नुक्ता असलेल्या ऱ चा पाय मोडून लिहितात, नाहीतर साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारा सांधा घालून. एका पद्धतीने लिहिलेला ‘सासऱ्या’ शोधला, तर दुसऱ्या पद्धतीचा सापडत नाही. ओव्यांची शब्दसूची करताना मला सासरे दोन मिळाले! सूची लावतानाही ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येऊन बसतो, कारण युनिकोडमध्ये तो तिथे आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. म्हणून ब्लॉग असो वा प्रबंध, मजकुरात कोणती पद्धत वापरली ते एकदा ठरवून टाकावे आणि जुना मजकूर ‘शोधा-बदला’ने एकसारखा करून घ्यावा.

चार फ्लॉप्यांपैकी दोन वाचल्या गेल्या. सीड्यांवर उरलेले अर्धे पुस्तक होते, पण ते दुसऱ्या एका सॉफ्टवेअरात केलेले. त्याला संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल, लागत असे. ते दुकानाबरोबरच गेले. तेवढा भाग मी छापील मुद्रितावरून पुन्हा हाताने टंकला. कृतिदेवचा भाग परिवर्तकातून काढला. परिवर्तक म्हणजे घराघरातली अक्षरे बदलणारी यादी, एवढेच लोकांना वाटते. खरे कष्ट क्रमाचे असतात. ‘मार्मिक’ या शब्दात जुन्या फाइलीत म, काना, वेलांटी, म, रफार, क असा क्रम असतो. युनिकोडमध्ये रफाराचा पाय मोडलेला र दुसऱ्या म च्या आधी न्यावा लागतो आणि वेलांटी त्याच्या नंतर. माझ्या हाती आलेला परिवर्तक हिंदीसाठी केलेला होता. मराठी अर्धा र त्याच्या गावी नव्हता. तेव्हा ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांना माझे सांगणे इतकेच, की मूळ फाइलीला हात लावू नका, तिच्या प्रतीवर काम करा. तो फॉन्ट चालतो आहे तोवर एक प्रत कागदावर छापून घ्या, आणि फॉन्टचे नाव त्या कागदावर पेनाने लिहा. पीडीएफवर विसंबू नका. ती दिसते मराठी, पण मजकूर उचलून पाहा, पोटात तेच इंग्रजी निघते.

बदललेल्या अक्षरांना यंत्राने दुरुस्त करावे म्हटले तर तेही जमेना. ओळीच्या आरंभी मोठे इंग्रजी अक्षर दिसले की ते लहान करायचे, असा नियम केला, तर ‘म्हातारी’ बिघडते. तिथला अर्धा म खरा आहे. शेवटी प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहिली.

वह्या बाईंच्या घरीच होत्या, पण २००६ साली मी त्यांची डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली होती. हे एक बरे केले, आणि एक चूक केली. कोणती वही, कुठले गाव, ओवी कुणी सांगितली, ही माहिती मी हौसेने प्रत्येक छायाचित्राच्या आत मराठीत भरली. छायाचित्रात माहिती साठवण्याची एक्झिफ ही पद्धत जपानी कॅमेरा उद्योगाने १९९५ साली आखली, आणि तिच्यातला वर्णनाचा रकाना तेव्हा केवळ रोमन लिपीचा होता. माझ्या गावांच्या नावांची प्रश्नचिन्हे झाली, ओळीने. अडोब कंपनीने २००१ साली आणलेल्या एक्सएमपी रकान्यात युनिकोड चालते; ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता मी मराठी माहिती तिथे भरतो, शिवाय त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवतो, यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. लागू देत. कागदपत्रांचे फोटो काढणाऱ्याने पहिल्या चौकटीत एक चिठ्ठी धरावी: वहीचा क्रमांक, गाव, तारीख, शाईने लिहिलेली. ती कुठल्याही रकान्यावर अवलंबून राहत नाही.

अकरा ‘छळणां’पैकी दहांची दुरुस्ती वहीतल्या अक्षरावरून पक्की झाली. अकराव्या ठिकाणी बाईंनी ‘छ’ खोडून ‘द’ केला आहे, पण मग त्या ‘द’खाली टिंबांची रेघ ओढली आहे. मुद्रितशोधनात त्याचा अर्थ, खोडलेले राहू द्या. ती रेघ ‘छ’साठी की ‘द’साठी, हे कळत नाही. ती ओवी चौथ्या वहीतली. चौथ्या वहीची मधली पाने वाळवीने खाल्ली होती; माझ्या छायाचित्रात तिथे नुसती जाळी दिसते. गावाचे नाव प्रश्नचिन्हांत गेले आहे. मात्र वहीच्या आरंभी बाईंनी ओव्या सांगणाऱ्यांची नावे लिहून ठेवली होती, आणि त्यांतल्या एक आजी अचलपूरजवळ नातवाकडे असतात, असे पुतण्याने शोधून काढले आहे. वय नव्वदीच्या पुढचे. ऐकू कमी येते, पण गाणे आठवते म्हणे. दिवाळी झाली की जाणार आहे.