‘लोकलहोस्ट’ : स्वतःच्या संगणकावरील संकेतस्थळ-रचनेचा इतिहास

संकेतस्थळ लोकांसमोर मांडण्यापूर्वी ते स्वतःच्या संगणकावर उभे करून तपासून पाहण्याची रीत आज इतकी रूढ झाली आहे की, तिला काही इतिहास आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या रीतीसाठी संगणकावर जी सामग्री मांडावी लागते, म्हणजे पाने पुरविणारा सर्व्हर, आज्ञावलीची भाषा आणि माहिती साठविणारा डेटाबेस, तिला आपण ‘स्थानिक परिसर’ असे म्हणू. या परिसराची जडणघडण कालक्रमाने पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बोलींचे शब्दसंग्रह आणि कोशाच्या नोंदी आता चिठ्ठ्यांऐवजी अशाच परिसरात साठविल्या जातात, आणि परिसराच्या घडणीतील दोष नोंदींत उतरतात, हे त्या शंकेचे उत्तर आहे.

१

प्रारंभ पत्त्यापासून करणे योग्य होईल. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक संगणकास पत्ता असावा लागतो. परंतु संगणकाने स्वतःशीच बोलावयाचे झाल्यास कोणता पत्ता वापरावा? जॉइस रेनॉल्ड्स व जॉन पोस्टेल यांनी १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या इंटरनेटच्या अंकसूचीत १२७ या अंकाने सुरू होणारा सबंध पत्तासमूह याच कामासाठी नेमून दिलेला आढळतो. त्यात १,६७,७७,२१६ पत्ते मोडतात. व्यवहारात मात्र १२७.०.०.१ हा एकच बहुधा वापरला जातो. त्या पत्त्यावर पाठविलेला मजकूर तारेवर किंवा लहरींवर जातच नाही; पाठविणाऱ्या संगणकातूनच तो परत फिरतो. या पत्त्याचे चालते नाव ‘लोकलहोस्ट’.

हे नाव व्याकरणदृष्ट्या मोठे कुतूहलाचे आहे. अन्य पत्ते विशेषनामांसारखे असतात. कोणीही उच्चारले तरी त्यांचा निर्देश एकाच यंत्राकडे होतो. ‘लोकलहोस्ट’ हे ‘मी’ किंवा ‘येथे’ यांच्या जातीचे आहे. उच्चारणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो. हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या पानांतील दुव्यांत ‘लोकलहोस्ट’ असे लिहून ती पाने इतरांकडे धाडली, तर वाचणाऱ्याचा संगणक तो पत्ता स्वतःचाच समजतो, आणि तेथे अर्थातच काही सापडत नाही. दुसऱ्याच्या पत्रातील ‘मी’ वाचणाऱ्याने स्वतःस लावून घ्यावा, तशातला हा प्रकार होय.

२

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ च्या मार्चमध्ये मांडली, आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर ती प्रत्यक्षात आणली. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर यांचा जन्म एकाच यंत्रावर झाला, आणि तो ब्राउझर पाने दाखवीत असे त्याप्रमाणे ती लिहूही देत असे. म्हणजे लिहिणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे या तिन्ही क्रिया प्रारंभी एकाच ठिकाणी नांदत होत्या. यंत्र कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याच्यावर तशी सूचना लिहिलेली चिठ्ठी डकविण्यात आली होती. प्रयोगशाळा आणि लोकांसाठीचे दालन एकच असले म्हणजे अशी चिठ्ठी लावावीच लागते.

१९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने आपले हक्क सोडून वेबची मूळ सामग्री सर्वांस मोकळी केली. त्यानंतर सर्व्हर मोठ्या संस्थांकडे आणि लेखन व्यक्तींच्या घरी, अशी फारकत होत गेली. नुसती स्थिर पाने असतील तर ती सर्व्हरवाचूनही संगणकावर उघडून पाहता येतात. परंतु मागणी येताक्षणी आज्ञावलीने पान तयार करावयाचे झाले, की सर्व्हरशिवाय चालत नाही. स्थानिक परिसराची खरी गरज येथे उत्पन्न झाली.

३

या दृष्टीने १९९५ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅककूल यांनी रचलेला सर्व्हर ते तेथून गेल्यावर मागे पडला होता. तो वापरणाऱ्या काही जणांनी आपापल्या दुरुस्त्या १९९५ च्या फेब्रुवारीपासून एकत्र आणल्या, आणि त्यातून अपाची हा सर्व्हर निर्माण झाला, त्याची १.० ही आवृत्ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघाली. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानांसाठी केलेली पीएचपी ही साधने जूनमध्ये सर्वांस खुली केली. मायकेल विडेनियस व त्यांचे सहकारी यांनी मायएसक्यूएल या डेटाबेसची पहिली घडण स्वीडनमधील एका कंपनीत त्याच वर्षी केली. यांपैकी कोणीही दुसऱ्याचा विचार करून आपले काम केले नव्हते. लिनस टोरवाल्ड्स यांची लिनक्स ही प्रणाली १९९१ पासून घरगुती संगणकांवर चालतच होती. या चौघांच्या आद्याक्षरांपासून ‘लॅम्प’ हा शब्द मायकेल कुन्झे यांनी १९९८ मध्ये एका जर्मन संगणक-नियतकालिकातील लेखात रूढ केला. वस्तू आधी, नाव मागाहून, हा शब्दव्युत्पत्तीतील नेहमीचा क्रम येथेही दिसतो. तथापि नाव पडल्यावरच ‘चार वस्तू मिळून एक वस्तू’ ही जाणीव पक्की झाली, हेही मान्य केले पाहिजे.

अपाची विंडोज प्रणालीवर चालू लागला तो त्याच्या १.३ या आवृत्तीपासून, म्हणजे १९९८ मध्ये. तरीही सर्व भाग निरनिराळे मिळवून, त्यांच्या मांडणीच्या फायली हाताने लिहून ते एकमेकांस जुळविणे नवख्याच्या आवाक्याबाहेरचे होते. काय सायडलर व काय फोगलगेसांग या जर्मन गृहस्थांनी २००२ मध्ये ‘झॅम्प’ हे एकत्र गाठोडे सिद्ध करून ही अडचण दूर केली. एकदा स्थापना केली की अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी आणि पर्ल ही सारी एकमेकांस ओळखत असत. (२०१५ पासून त्यात मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आहे.) सोय व्हावी म्हणून यातील कुलपे मुद्दाम उघडी ठेवलेली असत, डेटाबेसच्या मुख्य खात्यास सांकेतिक शब्दही नसे. हे गाठोडे घरापुरतेच वापरावे, लोकांसाठी खुले करू नये, असे त्याचे कर्तेच सांगत आले आहेत.

४

येथवरचा इतिहास सोयीचा झाला. पुढील भाग सोयीच्या किमतीचा आहे. स्थानिक परिसर हा खऱ्या सर्व्हरची नक्कल असतो, आणि नक्कल म्हटली की पाठभेद आलेच. विंडोजमध्ये फायलींच्या नावांतील रोमन लहान-मोठी अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात. लिनक्समध्ये ती भिन्न असतात. त्यामुळे घरी दिसणारे चित्र बाहेर गेल्यावर दिसेनासे होते. ही चूक निदान ताबडतोब कळते. देवनागरीच्या बाबतीतील चूक कळत नाही, आणि म्हणून ती अधिक घातक होय.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठते. परंतु मायएसक्यूएलला युनिकोडची ओळख ४.१ या आवृत्तीत, २००४ च्या सुमारास झाली. आणि त्यानंतरही वेगळे न सांगितल्यास तो मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतील मानण्याची व स्वीडिश वर्णक्रमाने लावण्याची प्रथा २०१८ मधील ८.० या आवृत्तीपर्यंत टिकून होती. मराठी शब्दांच्या याद्या अशा प्रकारे कित्येक वर्षे स्वीडिश नियमांखाली नांदल्या.

यात फसगत अशी की, साठविताना व वाचताना एकच चूक झाली तर दोन्ही चुका परस्परांस झाकतात. पानावर मराठी शुद्ध दिसते. तोच संग्रह योग्य मांडणीच्या सर्व्हरवर नेला की एका ‘म’ची तीन चिन्हे होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाची खूण आणि वर्तुळातील ‘आर’.

प्रस्तुत लेखकाच्या एका बोलीविषयक यादीवर हा प्रसंग ओढवला होता. रकान्याची मर्यादा वीस अक्षरांची ठेवली होती. डेटाबेसने ती वीस बाइटांची मानली. वीस बाइटांत देवनागरीची सहाच चिन्हे पुरती मावतात. ‘शेतकऱ्यांकडून’ या रूपातील ‘शेतकऱ्’ तेवढे शिल्लक राहिले आणि सामान्यरूप व शब्दयोगी अव्यय, म्हणजे ज्यासाठी ते रूप टिपले तोच भाग, नाहीसा झाला. २०१५ मधील ५.७ या आवृत्तीपूर्वी डेटाबेस अशा वेळी मूळच्या मांडणीत काम थांबवीत नसे. केवळ एक ताकीद नोंदवून पुढे जाई, आणि ती ताकीद वाचण्याची बुद्धी लेखकास झाली नव्हती. मूळ वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले.

मोडीच्या अभ्यासकांनी तर अधिकच सावध असावे. मोडीस युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, आणि तिच्या प्रत्येक चिन्हास चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने जे प्रथम आले, त्याची मर्यादा तीन बाइटांची होती; चार बाइटांची सोय २०१० मध्ये निराळ्या नावाने करण्यात आली. नाव तेच म्हणून वस्तू तीच, असे समजण्यात धोका आहे.

५

नक्कल व मूळ यांतील अंतर मिटविण्याचे प्रयत्न हा या इतिहासाचा अखेरचा टप्पा होय. मिचेल हाशिमोतो यांच्या व्हेग्रंट या साधनाने २०१० पासून संगणकाच्या पोटात दुसरा संगणक कल्पून त्याची मांडणी एका लेखी फायलीत नोंदविण्याची सोय केली. सॉलोमन हाइक्स यांनी २०१३ च्या मार्चमध्ये पुढे आणलेल्या डॉकरने सबंध संगणक न कल्पिता, लिनक्सच्या अंगच्याच विभाजनशक्तीचा आधार घेऊन, हलके कप्पे निर्माण केले. यामुळे परिसर हा सांगोवांगीचा विषय न राहता लिखित संहिता बनला. कोणत्या आवृत्तीचा डेटाबेस, कोणती लिपिपद्धती, कोणती मर्यादा, हे सारे वाचता येते, पडताळता येते आणि दुसऱ्याच्या हाती जसेच्या तसे देता येते.

तथापि जुना भाषिक पेच येथेही सुटलेला नाही. डॉकरच्या कप्प्यातून उच्चारलेला ‘लोकलहोस्ट’ हा सामान्यतः त्या कप्प्याचाच निर्देश करतो, बाहेरच्या संगणकाचा नव्हे. शेजारच्या कप्प्यातील डेटाबेसला त्याच्या नावानेच हाक मारावी लागते. वक्ता कोण हे ठरविल्याशिवाय सर्वनामाचा अर्थ लागत नाही, हा नियम यंत्रासही चुकलेला नाही.

संशोधनाचा एक जुना दंडक असा आहे की, कोणत्या प्रतीवरून पाठ सिद्ध केला ते संपादकाने सांगावे. ज्यांचे संग्रह संगणकावर आहेत, त्यांनी संग्रहाबरोबर परिसराची संहिताही जपली पाहिजे, आणि पहिल्याच दिवशी ‘शेतकऱ्यांकडून’ यासारखे एक लांब रूप साठवून, दुसऱ्या यंत्रावर नेऊन, ते अखंड परत येते की नाही हे पाहिले पाहिजे. या परीक्षेस फार वेळ लागत नाही. ती न केल्यास काय गमवावे लागते, ते वर सांगितलेच आहे.