परप्रांतीय अर्जदार (वैद्यकीय प्रवेश)

एखाद्या राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस या पदवीसाठी अर्ज करणारा, परंतु त्या राज्याने अधिवासाविषयी व शिक्षणस्थानाविषयी घातलेल्या अटी ज्याच्याकडून पूर्ण होत नाहीत, असा विद्यार्थी. मातृभाषा, जन्मस्थान किंवा कुळाचे मूळ गाव यांवरून हा भेद ठरत नाही; तो दाखल्यांवरून ठरतो. वाशीत वाढलेला तमिळ वा पंजाबी कुटुंबातील मुलगा महाराष्ट्राचा उमेदवार ठरतो आणि सांगलीचा मराठी मुलगा अकरावी-बारावीसाठी राजस्थानातील कोट्यास गेला म्हणून परका ठरतो, हे सामान्य व्यवहारात विपरीत भासले तरी नियमांच्या दृष्टीने सुसंगत आहे.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५) हे दीर्घकाळ एका विस्तीर्ण आणि बहुभाषी प्रदेशाचे महाविद्यालय होते. प्रवेशार्थी कोणत्या राज्याचा, हा प्रश्न आजच्या स्वरूपात स्वातंत्र्योत्तर काळात उपस्थित झाला, आणि न्यायालयात तो प्रथम गाजला तो इंदूरच्या निमित्ताने. तेथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांस प्रवेशपट्टी माफ होती व बाहेरच्यांकडून ती घेतली जात असे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने या भेदास आव्हान दिले. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य (१९५५) या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले की, संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेला भेद जन्मस्थानाचा आहे, निवासाचा नव्हे. आणि जे राज्य महाविद्यालयाचा खर्च सोसते, त्याने आपल्या रहिवाशांस सवलत देणे अवाजवी नाही. न्या. जगन्नाथदास यांनी भिन्न मत नोंदविले. पुढील सर्व वाद या निर्णयाच्या कक्षेत फिरत राहिले, म्हणून त्याचे महत्त्व प्रस्तुत विषयात मूलभूत मानले पाहिजे.

प्रदीप जैन विरुद्ध भारत सरकार (१९८४) या निर्णयात न्या. भगवती यांनी, भारतीयास अधिवास एकच, तो भारताचा, आणि राज्याराज्यांचा निराळा अधिवास ही कल्पनाच संविधानास अपरिचित आहे, असे प्रतिपादन केले. तथापि निवासाधिष्ठित आरक्षण त्यांनी सर्वस्वी रद्द न करता पदवी-प्रवेशापुरती त्यास सत्तर टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे दिनेशकुमार प्रकरणी (१९८६) पदवीच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय स्पर्धेसाठी खुल्या ठेवण्याचा आदेश झाला, आणि राज्याच्या वाट्यास पंच्याऐंशी टक्के जागा उरल्या. आजचा पंधरा-पंच्याऐंशीचा हिशेब या आदेशातून आलेला आहे.

महाराष्ट्रापुरता विचार करता, याहूनही बोधप्रद प्रकरण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे होय. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या एका समाजातील गृहस्थास मुंबईतील सार्वजनिक क्षेत्रातील नोकरी त्याच जमातीच्या राखीव जागेवर मिळाली. बालवयात बापाबरोबर आलेला मुलगा मुंबईत शिकला, बारावी झाला, आणि राखीव जागेसाठी त्याने अर्ज केला तेव्हा दाखला परराज्याचा म्हणून तो नाकारण्यात आला. मर्री चंद्रशेखर राव या नावाने विधिक्षेत्रात परिचित असलेल्या या खटल्यात घटनापीठाने १९९० मध्ये निर्णय दिला की, अनुसूचित जाती-जमातींची गणना संविधानाने त्या त्या राज्याच्या संबंधात केलेली असल्यामुळे ते लाभ स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाहीत. म्हणजे एकाच दाखल्याने बापास नोकरी दिली आणि मुलास जागा दिली नाही. निर्णयाची तर्कशुद्धता नाकारता येत नाही. त्याची कठोरता मात्र वाशी, चेंबूर, नेरूळ अशा स्थलांतरितांच्या वस्त्यांत आजही अनुभवास येते.

राज्यांतर्गत परकेपण : महाराष्ट्राने काही काळ आपल्याच विद्यार्थ्यांतही असा भेद केला. विद्यापीठाच्या क्षेत्रानुसार जागा बांधून देणाऱ्या नियमास निदामर्ती महेशकुमार प्रकरणी (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने बाध आणला, परंतु सत्तर टक्क्यांपर्यंत मुभा ठेवली. त्यातूनच सत्तर-तीसचे सूत्र रूढ झाले. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या विभागांतील ही वाटणी सप्टेंबर २०२० मध्ये मोडीत निघाली. तीवर मराठवाड्यात व मुंबई-पुण्याकडे परस्परविरोधी मते होती.

प्रचलित नियम : पदवीच्या पंच्याऐंशी टक्के जागांसाठी उमेदवाराकडे महाराष्ट्राचा अधिवास-दाखला असावा आणि त्याने दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण केलेली असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. मंडळ कोणते, राज्याचे की केंद्रीय, याने बिघडत नाही. शाळा कोठे आहे, याने बिघडते. संरक्षण दलांतील व बदलीच्या सरकारी नोकरीतील व्यक्तींच्या मुलांस, तसेच वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांस विहित अटींवर अपवाद केलेला आहे. बेळगाव-निपाणीचा विद्यार्थी या दृष्टीने ना आतला ना बाहेरचा. सीमा सुरक्षा दलातील एका जवानाच्या मुलाचे शिक्षण बापाच्या बदल्यांमुळे परराज्यांत झाले आणि त्याची राज्य-कोट्यातील जागा काढून घेण्यात आली, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास पुढील वर्षी जागा व एक लाख रुपये भरपाई देवविली. महाराष्ट्राच्या नियमांचा अर्थ किती कृपणपणे लावला जातो, याचा हा अधिकृत पुरावा म्हणावा लागेल.

खऱ्या परप्रांतीयास मार्ग तीन. पहिला, शासकीय व महानगरपालिकांच्या महाविद्यालयांतील पंधरा टक्के अखिल भारतीय जागा, ज्या ‘नीट’च्या गुणवत्तेवर दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. दुसरा, अभिमत विश्वविद्यालये, जेथे अधिवास विचारला जात नाही. तिसरा, खासगी महाविद्यालयांतील संस्थास्तरीय जागा. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) व नागपूरचे एम्स (२०१८) या देशव्यापी संस्था असल्याने त्यांस हा विवाद लागू नाही.

शुल्क : अभिमत विश्वविद्यालयांचे शुल्क शासकीय महाविद्यालयांच्या कित्येक पट असते.

वाशी : सिडकोने १९७० नंतर उभारलेल्या नवी मुंबईचे हे आद्य उपनगर, मुंबईचे घाऊक बाजार येथे हलविल्यापासून अनेक प्रांतांच्या लोकांची वस्ती. रेल्वेस्थानकाजवळ केरळ, आसाम, मिझोराम, ओडिशा आदी राज्यांची अतिथिभवने एका ओळीने उभी आहेत, आणि उपचारासाठी येणाऱ्या त्या त्या राज्यांच्या रुग्णांस ती आधार होतात. प्रवेशाच्या कामी मात्र त्यांचा उपयोग नाही. एमबीबीएसची महाविद्यालये वाशीत नसून शेजारी आहेत : नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील व कामोठे येथील एमजीएम ही अभिमत विश्वविद्यालयांची, तर नेरूळचेच तेरणा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेले खासगी. दोन-तीन कोसांच्या अंतरात अशा प्रकारे प्रवेशाच्या दोन भिन्न व्यवस्था नांदतात : अधिवासाचा दाखला तेरणाच्या राज्य-कोट्यास अनिवार्य, आणि शेजारच्याच पाटील महाविद्यालयास निरुपयोगी.

वाशी ठाणे तालुक्यात मोडत असल्याने वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाच्या दाखल्याची दरखास्त ठाण्याच्या तहसील कार्यालयाकडे जाते. आता ती ‘आपले सरकार’ या यंत्रणेमार्फत घरबसल्या करता येते. निकालाच्या दिवसांत दप्तरावर अर्जांची गर्दी होते, म्हणून हा दाखला आधीच काढून ठेवणे श्रेयस्कर.

पदव्युत्तर प्रवेश : तन्वी बहल विरुद्ध श्रेय गोयल (२९ जानेवारी २०२५) या निर्णयाने पदव्युत्तर जागांवरील निवासाधिष्ठित आरक्षण घटनाबाह्य ठरले. पदवी-प्रवेशास तो निर्णय लागू नाही. तेथे १९५५ चे तत्त्व अद्याप प्रमाण आहे. तेव्हा महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश इच्छिणाऱ्या मुलाचे नाव अकरावीस परराज्यात घालण्यापूर्वी पालकांनी प्रवेश-नियमांची पुस्तिका मुळातून वाचावी. कारण अर्ज बारावीनंतर भरावयाचा असला, तरी राज्याची जागा गमावली जाते ती त्याआधी दोन वर्षे.